रक्ताच्या पुढे धावणारी लाट

मनगटावर बोट ठेवलं की जो ठोका लागतो, तो त्या क्षणी हृदयातून निघालेल्या रक्ताचा नसतो. ते रक्त अजून छातीतच असतं. हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतो. महाधमनीचा व्यास उगमापाशी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तिचा आडवा छेद सुमारे पाच चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर कळतं, की एका ठोक्यात रक्त पुढे सरकतं ते जेमतेम १४ सेंटिमीटर. ठोका मात्र सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत मनगटापर्यंत पोचलेला असतो. मालगाडीला इंजिन जोडताना बसलेला धक्का डब्याडब्यातून खडखडत शेवटच्या डब्यापर्यंत जातो, तेव्हा डबे हातभरही हललेले नसतात. नाडीचं तसंच आहे. बोटाला लागतो तो धक्का.

हा धक्का जातो कसा, ते नीट बघण्यासारखं आहे. रक्त दाबून लहान होत नाही. ७० मिलिलिटर जादा रक्त आत शिरलं की त्याला जागा हवी, आणि ती जागा महाधमनीची भिंत ताणली जाऊन करून देते. ताणलेली भिंत परत आकसते, आतल्या रक्ताला पुढे लोटते, मग पुढचा भाग फुगतो, तोही आकसतो. फुगण्या-आकसण्याची ही लाट हृदयापासून पायाच्या बोटांपर्यंत धावते. भिंत मऊ असेल तर ती पुष्कळ फुगते, दाब सावकाश चढतो आणि लाट रेंगाळते. भिंत ताठ असेल तर जरा फुगताच दाब वाढतो आणि लाट भरकन पुढे जाते. निरोगी तरुणाच्या महाधमनीत तिचा वेग सेकंदाला ५-६ मीटर असतो. सत्तरीत तो १० मीटरच्या वर गेलेला असणं नवलाचं नाही.

लाटेच्या या वेगाचं गणित थॉमस यंग यांनी १८०८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात मांडलं. प्रकाश ही लाट आहे असं प्रयोगानं दाखवणारे, आणि पदार्थाची लवचीकता मोजणाऱ्या गुणांकाला ज्यांचं नाव आहे, तेच हे यंग. पेशानं ते डॉक्टर होते. पुढे १८७८ साली हॉलंडमध्ये मून्स आणि कोर्टवेग या दोघांनी त्याला आज वापरात असलेलं रूप दिलं. भिंतीच्या ताठरपणाला तिच्या जाडीनं गुणायचं, रक्ताची घनता आणि धमनीचा व्यास यांच्या गुणाकारानं भागायचं, आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ काढायचं. आकडे घालून बघू. ताठरपणा ५ लाख पास्कल, भिंतीची जाडी १.६ मिलिमीटर, व्यास २५ मिलिमीटर, रक्ताची घनता दर घनमीटरला १,०६० किलो. भागाकार येतो ३० च्या किंचित वर, आणि वर्गमूळ सुमारे साडेपाच. तरुण माणसाचा वेग जमला. आता बाकी सगळं तसंच ठेवून ताठरपणा चौपट केला, तर वेग दुप्पट होतो, ११ मीटर. वर्गमुळामुळे असं होतं. म्हणून वेगात दिसणारी लहानशी वाढसुद्धा भिंतीत झालेल्या मोठ्या बदलाची खूण असते.

भिंत ताठ का होते? महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाचे लवचीक तंतू असतात. ते बहुतेक जन्माआधी आणि लहानपणी तयार होतात. मोठेपणी शरीर त्यांची नव्यानं भर जवळजवळ घालत नाही. मिनिटाला ७० ठोके धरले तर वर्षाला ३ कोटी ७० लाख होतात, तिशीपर्यंत ११० कोटी. प्रत्येक ठोक्याला तेच तंतू ताणले जातात आणि परत येतात. ते झिजतात, तुटतात, आणि भार कोलॅजेन या ताठ तंतूंवर येतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार ही झीज लवकर घडवतात.

घरातल्या वयस्कर माणसाचं बीपी 'वरचं १६०, खालचं ७०' असं येतं, तेव्हा त्यामागे बहुधा हेच असतं. हृदय आकुंचन पावतं तेव्हा लवचीक महाधमनी आलेल्या रक्तातला मोठा वाटा स्वतः फुगून साठवते, आणि हृदय विसावलेलं असताना तो पुढे सोडते. त्यामुळे वरचा दाब फार चढत नाही आणि खालचा फार उतरत नाही. साठवण्याची ताकद गेली की वरचा चढतो, खालचा पडतो. मेंदू आणि मूत्रपिंड या अवयवांत रक्त कमी अडथळ्यानं आणि मोठ्या प्रमाणात वाहतं, म्हणून दाबाचे हे मोठे हेलकावे त्यांच्या बारीक वाहिन्यांपर्यंत थेट पोचतात आणि तिथे इजा करतात. खालचा दाब पडल्यानं हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त कमी मिळतं ते वेगळंच. म्हणजे धमनीचा ताठरपणा हा वयाबरोबर येणारा निरुपद्रवी पाहुणा मानून चालत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात असं दिसलं, की वय आणि इतर धोके हिशेबात धरल्यावरही महाधमनीतल्या लाटेचा वेग सेकंदाला १ मीटरनं जास्त असेल, तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी जास्त असतो.

नाडीच्या लाटेत आजार वाचता येईल, ही वैद्यांची आणि हकिमांची कल्पना फार जुनी. पण तिचा आलेख कागदावर आणला तो फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे यांनी १८६० साली, मनगटावर बांधायच्या एका नाजूक तरफेच्या यंत्रानं. त्या यंत्राला मोजमापाची शिस्त लावणारा माणूस मात्र मला या सगळ्या इतिहासात सर्वांत ओढ लावतो. फ्रेडरिक अकबर महोमेद. जन्म १८४९, इंग्लंडमधलं ब्रायटन. आजोबा साके दीन महोमेद पाटण्याचे. त्यांनीच १८१० साली लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं आणि नंतर ब्रायटनला तेलमालिश आणि वाफेच्या स्नानांचा व्यवसाय केला. नातू लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये शिकला आणि विद्यार्थी असतानाच मारेंच्या यंत्रात बदल करून धमनीवर किती दाब दिला आहे ते आकड्यात सांगता येईल अशी सोय त्यानं केली. मनगटावरचे आलेख काढता काढता त्याच्या ध्यानात आलं, की काही माणसांच्या नाडीत दाब चढलेला असतो पण त्यांची मूत्रपिंडं अजून ठीक असतात. तोवर समज उलटा होता, की मूत्रपिंड बिघडल्यामुळेच दाब चढतो. म्हाताऱ्या माणसांच्या आणि चढ्या दाबाच्या माणसांच्या आलेखांचा आकार सारखाच बदलतो, हेही त्यानं टिपलं. बीपीचा पट्टा येण्याआधीची ही गोष्ट आहे. तो पट्टा इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली आणला. महोमेद १८८४ साली टायफॉइडनं गेला, वय अवघं ३५. पट्टा आल्यावर पुढे डॉक्टरांना दोन आकडे मिळू लागले, आणि त्या दोन आकड्यांच्या सोयीपुढे लाटेचा आकार पुढची कित्येक दशकं मागे पडला.

आज लाटेचा वेग मोजतात तो असा. रुग्णाला दहा मिनिटं शांत पडून राहू देतात. छातीवर ईसीजीच्या पट्ट्या. पेन्सिलीच्या जाडीचा दाबमापक मानेत, जबड्याखाली, धमनीवर हलकेच टेकवतात आणि पडद्यावर लाटा एकसारख्या येईपर्यंत कोन जुळवत राहतात. मग तेच जांघेत. ईसीजीच्या टोकापासून मानेतली लाट किती उशिरा उठली आणि जांघेतली किती, त्यांची वजाबाकी हा वेळ. अंतर टेपनं. अंतर भागिले वेळ. अर्धा मीटर अंतर आणि ८० मिलिसेकंद असतील तर वेग सव्वासहा मीटर. ४५ मिलिसेकंद असतील तर ११ मीटर. तरुण आणि ताठरलेली धमनी यांच्यातला सगळा फरक इथे ३५ मिलिसेकंदांत मावलेला आहे. त्यातले ५ मिलिसेकंद इकडचे तिकडे झाले, तर ११ चे १० होतात.

टेपचंही तसंच. पोट सुटलेल्या माणसाच्या अंगावरून टेप नेला की अंतर उगाच वाढतं. शिवाय मान आणि जांघ यांना जोडणारी धमनी काही सरळ नसते. लाट महाधमनीच्या उगमाकडून एकीकडे वर जाते आणि दुसरीकडे खाली. युरोपातल्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत धोक्याची रेघ सेकंदाला १२ मीटर होती. २०१२ साली तज्ज्ञांनी ठरवलं, की टेपनं आलेल्या अंतराचे ८० टक्केच धरायचे. १२ चे ८० टक्के ९.६, पूर्णांकात १०. तेव्हापासून रेघ १० मीटरवर आहे. लोकांच्या धमन्यांत काहीही बदललं नव्हतं. बदलली होती मोजायची रीत. महाधमनीतला खरा वेग कळायचा तर आत नळी घालून जागोजागी मोजावं लागेल, आणि निरोगी माणसाच्या बाबतीत ते कुणी करणार नाही. मग बाहेरून मोजलेला आकडा खरा किती, हे ठरवायचं कशाच्या आधारावर? संगणकाचं काम इथून सुरू होतं.

त्यासाठी लागणारी समीकरणं संगणकाच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधी लिहून झालेली होती. लिओनार्ड ऑयलर यांनी १७७५ च्या सुमारास धमन्यांतल्या रक्तप्रवाहावर एक निबंध लिहिला. त्यात दोनच गोष्टी आहेत. एक, नळीच्या एखाद्या तुकड्यात जितकं रक्त शिरलं त्यातून बाहेर गेलेलं वजा केलं की उरलेल्यानं नळी तेवढी फुगते. दोन, दाबातल्या फरकानं रक्ताला गती येते. याला भिंत किती दाबाला किती फुगते याचा नियम जोडला की धमनीतली लाट पूर्ण बांधली जाते. ऑयलर यांनी समीकरणं मांडली आणि ती सोडवणं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं म्हणून ठेवून दिली. निबंध छापला गेला तो १८६२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी.

मधल्या काळात बरीच माणसं या वाटेवर आली. त्यातले जॉन वोमर्सली यांचं नाव घेतलंच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत गणित विभागाचे ते प्रमुख होते. संगणक बांधण्यासाठी ॲलन ट्युरिंगना तिथे आणलं ते त्यांनीच. आणि दहा वर्षांनी, १९५५ साली, धमनीतल्या मागेपुढे हेलकावणाऱ्या प्रवाहाचं गणित सोडवणारा शोधनिबंध लिहिला तोही त्यांनीच. संगणक आणि नाडी या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून अशा गेल्या. वोमर्सली १९५८ साली वारले.

आता ऑयलर यांच्या त्या समीकरणांवरून धमन्यांचं संगणकी प्रतिरूप कसं बांधतात ते बघू. शरीरातल्या मोठ्या धमन्यांचे तुकडे पाडायचे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये जॉर्डी अलास्त्रुए यांच्या गटानं वापरलेल्या एका प्रतिरूपात ते ११६ आहेत. प्रत्येक तुकड्याची लांबी, व्यास, भिंतीचा ताठरपणा द्यायचा. महाधमनीच्या उगमाशी एका ठोक्यात किती रक्त कसकसं येतं त्याचा आलेख द्यायचा. धमनीच्या जिथे दोन फांद्या होतात, तिथे नियम साधा: दाब तिन्हींत सारखा, आणि आलेलं रक्त गेलेल्या रक्ताइतकं. बारीक वाहिन्या कोट्यवधी असतात, त्या एकेक करून मांडता येत नाहीत. म्हणून प्रत्येक फांदीच्या टोकाला त्यांच्याऐवजी एक अडथळा आणि एक साठवण अशी जोडी लावायची. मग मिलिसेकंदाहून लहान पावलांनी वेळ पुढे सरकवत न्यायचा. सुरुवातीचे काही ठोके आकडे स्थिरावण्यात जातात. त्यानंतर प्रत्येक ठोका आधीच्यासारखाच येऊ लागतो, आणि मनगट, मान, जांघ, जिथे हवी तिथली लाट काढून बघता येते.

यात प्रवाह फक्त धमनीच्या लांबीच्या दिशेनं धरलेला असतो. आतल्या प्रवाहाचे भोवरे, वळणावरचं घासणं, यातलं काही नाही. तेही हवं असेल तर त्रिमितीय गणित करावं लागतं. अमेरिकेत अमांडा रँडल्स यांनी, रक्ताभिसरण उलगडणाऱ्या विल्यम हार्वी यांच्या नावानं केलेली प्रणाली सिक्वोया या महासंगणकाच्या १५ लाखांहून जास्त कोअरवर चालवली होती. ते काम मोलाचं आहे. पण लाटेपुरतं बघायचं तर एकमितीय प्रतिरूप साध्या संगणकावर चालतं, आणि त्याची खरी ताकद त्यातच आहे. कशी, ते पुढे येईल.

आधी प्रश्न हा, की त्यावर विश्वास का ठेवायचा? माणसाच्या शरीरात सगळे आकडे माहीत नसतात, त्यामुळे तुलना करून फारसं कळत नाही. म्हणून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी माणसाच्या ३७ मोठ्या धमन्यांचं सिलिकॉनचं जाळं घेतलं, खऱ्या मापाचं. रक्ताच्या जागी पाणी आणि ग्लिसरॉलचं मिश्रण, हृदयाच्या जागी पंप. प्रत्येक नळीची जाडी, व्यास, ताठरपणा मोजलेला. तेच आकडे संगणकाला दिले आणि ७० ठिकाणी दोन्हीकडच्या लाटा ताडून बघितल्या. दाबाच्या लाटेतली सरासरी चूक ४ टक्क्यांच्या आत होती, प्रवाहाच्या लाटेतली १९ टक्क्यांच्या आत. मला यातला दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. प्रतिरूप दाबाबद्दल जितक्या खात्रीनं बोलतं, तितक्या खात्रीनं प्रवाहाबद्दल बोलू शकत नाही, हे वापरणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

आता त्या ताकदीकडे येतो. एक ठोका काढायला वेळ थोडा लागतो, म्हणजे हजारो संगणकी माणसं बांधता येतात. अलास्त्रुए आणि पीटर चार्लटन यांच्या गटानं २०१९ साली असा संच प्रसिद्ध केला आणि सगळ्यांना मोफत खुला केला. त्यात २५, ३५ अशी दहा-दहानं वाढत ७५ पर्यंत सहा वयं आहेत. प्रत्येक वयात सहा गोष्टी बदलल्या आहेत: हृदयाची गती, एका ठोक्यातलं रक्त, रक्त बाहेर पडायला लागणारा वेळ, मोठ्या धमन्यांचा व्यास, त्यांचा ताठरपणा आणि सरासरी दाब. प्रत्येकीचे तीन दर्जे: त्या वयाचा सरासरी, थोडा कमी, थोडा जास्त. तीनाचा सहावा घात ७२९. सहा वयं मिळून ४,३७४ माणसं. यातलं कुणी जन्मलेलं नाही, पण प्रत्येकाची महाधमनी किती ताठ आहे ते अगदी अचूक माहीत आहे, कारण ती तशी बांधलेली आहे.

हे का मोलाचं आहे? खऱ्या आयुष्यात या सहा गोष्टी हातात हात घालून येतात. वय वाढतं तसा ताठरपणा वाढतो, व्यास वाढतो, दाबही वाढतो. एखाद्याच्या नाडीची लाट टोकदार झाली तर ती भिंतीमुळे की हृदय जोरात आकसतं म्हणून, हे नुसत्या लाटेवरून सांगता येत नाही. दोन वेगळ्या कारणांतून एकच आकार येऊ शकतो. नाडी बघून आजार ओळखण्यातली खरी अडचण हीच आहे, मग बघणारा वैद्य असो की यंत्र. संगणकातल्या माणसाची मात्र पाच कलमं जागच्या जागी धरून एकच हलवता येतं. त्याच गटानं २०१५ साली ३,३२५ निरोगी संगणकी माणसांवर मान-जांघ पद्धत तपासली होती. त्या माणसांच्या महाधमनीतला खरा वेग माहीत होता. बाहेरून मोजल्यासारखं करून आलेला वेग त्याच्याशी ताडून बघता आला, आणि कोणत्या परिस्थितीत पद्धत किती फसते ते आकड्यात आलं. रुग्णालयात असं करता येत नाही, कारण तिथे ताडून बघायला खरा आकडाच नसतो.

प्रतिरूपांनी एक जुना समजही हलवला. पाठ्यपुस्तकांत असं शिकवत, की लाट खाली जाते, फांद्यांवर आपटून परत येते; तरुणपणी ती हृदय विसावल्यावर परतते आणि म्हातारपणी, वेग वाढल्यामुळे, हृदय अजून आकसत असतानाच परतून त्याचा भार वाढवते. मोजमापं मात्र सांगत होती, की परतायची वेळ वयाबरोबर अपेक्षेइतकी बदलत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात प्रतिरूपाच्या आधारानं त्याचं एक कारण पुढे आलं. फांद्यांची मापं अशी असतात, की हृदयाकडून जाणाऱ्या लाटेला फाट्यावर फारसा अडथळा होत नाही. उलट येणाऱ्या लाटेचं तसं नाही. एका धमनीच्या दोन सारख्या फांद्या झाल्या आहेत आणि खाली जाताना लाट अजिबात परावर्तित होत नाही, असं धरा. त्यातल्या एका फांदीतून वर येणाऱ्या लाटेला फाट्यावर दोन वाटा दिसतात: मूळ धमनी आणि शेजारची फांदी. गणित केलं तर तिच्या दाबाचा निम्माच भाग पुढे जातो. असे तीन फाटे ओलांडले की उरतो एक अष्टमांश. दूरच्या फांद्यांवरून निघालेली लाट हृदयापर्यंत पोचता पोचता विझून जाते. हृदयाला जाणवतात त्या जवळपासच्या. त्यामुळे लाटेच्या आकारातल्या एखाद्या उंचवट्याकडे बोट दाखवून 'हा अमुक ठिकाणाहून परतलेला' असं म्हणणं धोक्याचं आहे. या मुद्द्यावर वाद अजून चालू आहे, आणि तो चालू राहावा असंच मला वाटतं, कारण बाजारातली काही यंत्रं अजूनही जुन्या समजावर उभी आहेत.

मग आजार ओळखायचं काय? वेल्समध्ये पेरुमल नित्यरासू, संजय पंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी निरोगी संगणकी माणसं घेऊन काहींच्या मानेतली धमनी अरुंद केली, काहींच्या पायातली, काहींच्या पोटातली महाधमनी फुगवली. मग मोजक्या ठिकाणच्या दाबाच्या आणि प्रवाहाच्या लाटा यंत्राला शिकवून विचारलं, कोण निरोगी आणि कोण आजारी. पोटातल्या महाधमनीचा फुगवटा सर्वांत चांगला ओळखला गेला. ते समजण्यासारखं आहे. एवढ्या मोठ्या धमनीचा व्यास बदलला की तिथून जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रत्येक लाटेवर त्याची छाप पडते. हा फुगवटा फुटेपर्यंत बहुधा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे तो बाहेरच्या लाटांवरून कळला तर किती जीव वाचतील याची कल्पना करता येते.

पण त्या यंत्राला शिकवायला घेतलेली माणसं संगणकातलीच होती, हे विसरून चालणार नाही. त्यांचा हात थरथरत नाही, त्यांच्या मानेवर दाबमापक घसरत नाही, त्यांना एकाच वेळी मधुमेह आणि अरुंद धमनी नसते, आपण ते दिल्याखेरीज. संगणकी रुग्णाला तेवढेच आजार होतात जेवढे त्याच्या कर्त्याला सुचले. म्हणून अशा कामातून 'यंत्रानं आजार ओळखला' असा निष्कर्ष काढायची घाई मला पटत नाही. त्यातून कळतं ते असं, की आजाराची खूण लाटेत पोचते की नाही आणि ती कुठे मोजावी. एखादी खूण स्वच्छ, गोंगाट नसलेल्या संगणकी लाटेतही सापडत नसेल, तर ती मनगटावरच्या घड्याळात शोधण्यावर पैसा घालवू नये. हे आधी कळणं म्हणजे मोठीच बचत आहे. घड्याळातला हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताचं कमीजास्त होणं टिपतो आणि त्यावरून बीपी सांगण्याचे दावे होतात. त्यातली बरीच साधनं अधूनमधून पट्ट्याच्या बीपीशी जुळवून घ्यावी लागतात. त्यामागेही तीच अडचण आहे: एक आकार, अनेक कारणं.

संगणकी प्रतिरूप खऱ्या रुग्णाच्या उपचारापर्यंत पोचल्याचं एक उदाहरण हृदयाच्या धमन्यांचं आहे. तिथल्या अरुंद जागेमुळे रक्त खरोखर अडतं आहे का, हे ठरवायला मांडीतून किंवा मनगटातून तार घालून अडथळ्याच्या पुढचा दाब मागच्या दाबाच्या किती पट उरला ते मोजतात. तो ०.८० किंवा कमी असेल तर अडथळा दखल घेण्यासारखा. स्टॅनफर्डच्या चार्ल्स टेलर आणि क्रिस्टोफर झॅरिन्स यांनी तोच आकडा सीटी स्कॅनच्या चित्रांवरून, त्या रुग्णाच्या धमन्यांत प्रवाहाचं गणित सोडवून काढायची पद्धत उभी केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिला २०१४ साली मान्यता दिली, ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी २०१७ साली शिफारस झाली. तारेनं मोजलेला खरा आकडा ताडून बघायला हाताशी होता म्हणून हे झालं. महाधमनीच्या ताठरपणासाठी तशी तार सहसा घातली जात नाही. म्हणूनच तिथे संगणकी माणसांची गरज जास्त आहे.

आपल्यासाठी यातली अडचण वेगळीच आहे. लाटेच्या वेगाचे वयानुसार संदर्भ-आकडे ठरवणारं मोठं काम २०१० साली झालं, त्यात १६,८६७ माणसं होती, युरोपातल्या ८ देशांतली. भारतात हृदयविकार तुलनेनं कमी वयात गाठतो, पोटावरची चरबी आणि मधुमेह कमी वजनातही दिसतात. युरोपातल्या पन्नाशीच्या माणसाचे आकडे घालून बांधलेलं प्रतिरूप सोलापूरच्या पन्नाशीतल्या माणसाबद्दल काय सांगेल? त्याला आपले आकडे हवेत, आणि ते मोजायला स्वस्त साधन हवं. मद्रासच्या आयआयटीतल्या आरोग्य तंत्रज्ञान केंद्रात 'आर्टसेन्स' नावाचं यंत्र त्यासाठी तयार झालं आहे. सोनोग्राफीसारखं चित्र न काढता ते एका ध्वनिलहरीच्या शोधकानं मानेतल्या धमनीची भिंत ठोक्यागणिक किती हलते ते मोजतं; त्यासाठी सोनोग्राफीतज्ज्ञ लागत नाही.

अशा यंत्रानं गावोगावी आकडे जमले, तर त्यातून आपल्या माणसांचा संच बांधता येईल. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला मानेवरचं मोजमाप आणि दंडाचं बीपी एवढं पुरेल, की जांघेतलंही घ्यावं लागेल, हे आधी संगणकावर तपासता येईल. जांघेत मोजायचं म्हणजे आडोसा हवा, वेळ हवा, बाईला बाईनंच मोजायला हवं. पहिल्या दोनच मोजमापांवरून ताठरलेली महाधमनी पुरेशी ओळखू येते असं दिसलं, तर तपासणीला येणाऱ्या बायकांची संख्या त्या एका गोष्टीनं वाढेल.